बर्फाच्या कारखान्यावरून उजवीकडे

ड्रायव्हरकाकांचं अख्खं घर त्या दिवशी सकाळी रस्त्यावर आलं. म्हणजे दिवाळं वगैरे काही निघालं नव्हतं. काका कायमचे लेकीकडे राहायला चालले होते, टेम्पो यायचा होता, आणि हमालांना दुसरीकडेही काम होतं म्हणून त्यांनी सामान आधीच बाहेर काढून ठेवलं होतं. टेम्पो आला की फोन करा, असं सांगून ते निघून गेले.

काकांनी जन्मभर शहराची बस चालवली होती. जे काम करायचं ते शिस्तीत, हा खाक्या. सामान कसंही फेकलेलं त्यांना खपणं शक्यच नव्हतं. घरात जसं आहे तसंच बाहेर लावा, म्हणजे तिकडे उतरवताना घोळ होणार नाही, असं त्यांनी हमालांना बजावलं. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं, पण लावलं बापड्यांनी. भिंतीला पाठ लावून काकू असताना त्यांच्या पसंतीनं घेतलेला मरून रंगाचा सोफा, त्याच्यापुढे टीपॉय, बाजूला कपाट, पलीकडे जेवणाचं टेबल आणि खुर्च्या. भिंतीवरचं घड्याळ काकांनी स्वतः विजेच्या खांबाला अडकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन ते सरळ आहे ना, हेही पाहिलं.

एवढा पसारा मावला, कारण कव्हरवाल्यांची गाडी तेव्हा जागेवर नव्हती. कव्हरवाले वरच्या मजल्यावर राहायचे. पहाटे गाडी घेऊन जायचे, अंधार पडल्यावर यायचे, काकांच्या खिडकीला लावून उभी करायचे आणि तिच्यावर करड्या रंगाचं कव्हर असं घालायचे, जसं लहान मुलाला पांघरूण घालावं. चारही कोपरे खोचून. काकांच्या खिडकीतून पूर्वी गल्ली दिसायची. आता करडं कव्हर दिसायचं.

दाराला कुलूप होतं आणि किल्ली लेकीच्या पर्समध्ये होती. ती सकाळी येऊन आवराआवर करून ऑफिसला गेली होती. जाताना म्हणाली, "किल्ली मी नेते बाबा. नाहीतर तुम्ही परत आत जाऊन बसाल." काका म्हणाले, मी काय लहान आहे का. पण लेक ओळखून होती. ती कोपऱ्यावरून वळायच्या आत काकांनी दार एकदा ढकलून पाहिलंच.

जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण येत नाही असं तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? मागे एकदा ते तापानं फणफणून दोन दिवस अंथरुणात पडून होते आणि गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. लेकीनं फोनवर फोन केले, शेवटी धावत आली, आणि उशाशी बसून रडत म्हणाली, "तुम्ही आहात की नाही एवढं बघायलासुद्धा इथं कुणी नाही हो बाबा." बोलणं खरं होतं. तिनं चौदाव्या मजल्यावरच्या आपल्या घरात त्यांच्यासाठी खोली रंगवायला घेतली आणि काकांनी मुकाट्यानं मान हलवली.

एके काळी हे असं नव्हतं. ऊन उतरलं की दारादारातून खुर्च्या बाहेर यायच्या. कुणी भाजी निवडतंय, कुणी पोराला पाढे म्हणायला लावतंय, कुणाचं भांडण चाललंय आणि बाकीचे त्यात न्यायाधीश झालेत. काका ड्यूटीवरून परतले की कोपऱ्यापासून दारापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागायचा की काकू म्हणायच्या, "एवढ्या वेळात तुमची बस शहराला फेरी मारून येते." मग एका घरी स्कूटर आली, दुसऱ्या घरी मोटार आली. एक खुर्ची आत गेली, मग तिच्या शेजारची. कुणी कुणाला हाकललं नाही की भांडण झालं नाही. एक दिवस काका सवयीनं खुर्ची घेऊन बाहेर आले आणि ती ठेवायला जागाच नव्हती. ते तसेच आत गेले.

तर आता ते आपल्याच दिवाणखान्यात, उघड्यावर, उभे होते. स्वतःच्याच सोफ्यावर भर रस्त्यात बसायचं म्हणजे त्यांना कसंतरीच वाटत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट करून देत ते खांबापाशी उभे राहिले. मध्येच एका टेम्पोनं गल्लीच्या तोंडाशी नाक खुपसलं. काकांच्या अंगातला ड्रायव्हर जागा झाला. आपला टेम्पो कोणत्याही क्षणी येईल, वाट अडता कामा नये, म्हणून पुढे होऊन त्यांनी हातवारे केले, "चला, मागे, मागे, डावं मारा, येऊ द्या", आणि त्या टेम्पोला एकाही गाडीला न घासता अशा सफाईनं गल्लीबाहेर काढलं की ते स्वतःवरच खूश झाले.

थोड्याच वेळात त्यांचा फोन वाजला. टेम्पोवाला बोलत होता.

"काका, तो बर्फाचा कारखाना काही दिसेना हो."

इथं थोडं मागं जायला हवं. टेम्पो ठरवताना लेकीनं बजावलं होतं की बाबा, त्याला लोकेशन पाठवा. पण ज्याला रस्ता फोननं दाखवावा लागतो तो कसला ड्रायव्हर, असं काकांचं ठाम मत. लोकेशन मागितलं म्हणून त्यांनी दोन टेम्पोवाले फोनवरच बाद केले होते. तिसरा म्हणाला, माझा फोन साधा आहे, तुम्ही तोंडी सांगा. काकांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच तोंडी सांगितलं: बर्फाच्या कारखान्यावरून उजवीकडे घ्या, टॉकीजला वळसा मारा, पाण्याची टाकी डाव्या हाताला टाका, आणि मग ज्या गल्लीत माणसं बाहेर बसलेली दिसतील ती आमची, कुणाला विचारायचीसुद्धा गरज नाही.

पत्ता बिनचूक होता. फक्त तो वीस वर्षांपूर्वीचा होता. बर्फाच्या कारखान्याच्या जागी आता गाड्या ठेवायची बहुमजली इमारत होती. टॉकीज पाडून फरशांचं दुकान झालं होतं, आणि टाकी गळायला लागल्यावर पालिकेनंच जमीनदोस्त केली होती. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ज्या वळणांवर जन्मभर स्टिअरिंग फिरवलं, ती वळणं त्यांच्या डोक्यात अजून जिथल्या तिथं होती.

समोरच्या घरातून हेडबाई बाहेर आल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटून जमाना झाला, पण आवाजातली छडी तशीच होती. काकांचा निरोप घ्यायला म्हणून आल्या, फोनवरचा घोळ ऐकला आणि "आणा तो फोन इकडे" म्हणून सोफ्यावर बसल्या. बर्फाच्या कारखान्याचं सोड, त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, सरळ छापखान्यापाशी ये आणि तिथून आत वळ. फोन ठेवल्यावर त्या समाधानानं म्हणाल्या, "माणसाला नीट सांगावं लागतं." छापखाना बंद पडूनही बारा वर्षं झाली होती.

कोपऱ्यावर चष्मेवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. सोफा पाहून त्यानं गिऱ्हाइकांना तिथं बसवायला सुरुवात केली. मग त्याला दिसलं की उजेड बाहेर जास्त चांगला आहे, म्हणून त्यानं काकांची परवानगी न विचारता अक्षरांचा तक्ता आणून कपाटाच्या दाराला टांगला. लोक रस्त्यापलीकडे उभे राहून एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लागले. सायकलवरून जाणारा एक जण सहज थांबला, वाचायला गेला आणि तिसऱ्याच ओळीला अडखळला. चष्मेवाल्यानं त्याला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. एका बाईंनी जेवणाच्या खुर्च्या उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि चारींचे मिळून किती घेणार, असं विचारलं. विक्रीला नाहीत म्हटल्यावर, मग मांडल्या कशाला, असं म्हणून रागानं एकीवर बसूनच राहिल्या.

फोन पुन्हा वाजला. आता चष्मेवाल्यानं घेतला. छापखान्याबिपखान्याचं ऐकू नका, तो म्हणाला, तुम्ही जुन्या जकात नाक्यावर या. हेडबाई भडकल्या. जकात नाका छापखान्याच्या पुढे की मागे यावरून दोघांची अशी जुंपली की टेम्पोवाला पलीकडून बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिला आणि शेवटी त्यानंच फोन ठेवला.

या वादाचा निकाल लावायला नेमके कव्हरवाले आले. त्या दिवशी त्यांना दुपारीच सुटी मिळाली होती. आपल्या जागेवर दिवाणखाना पाहून त्यांनी आधी हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला, मग खाली उतरले. गाडी निळी आहे, हे गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"हे काय चाललंय? माझी जागा आहे ही."

काका ओशाळले. टेम्पो येईलच आता, म्हणाले. पण हेडबाईंनी कव्हरवाल्यांना नावानं हाक मारावी तशी मानेनंच हाक मारली आणि विचारलं, तू इथलाच ना, मग सांग, छापखाना कुठं होता? कव्हरवाले रागात होते, म्हणून बेसावध बोलून गेले.

"छापखाना टॉकीजच्या मागे. शाळा बुडवून सिनेमाला जायचो ना आम्ही, तेव्हा छापखान्याच्याच भिंतीवरून उडी मारायचो."

हेडबाई सोफ्यावर ताठ झाल्या.

"कितवीत होतास?" हेडबाईंनी विचारलं.

कव्हरवाल्यांचे केस पिकायला लागले होते, मुलगी कॉलेजात जात होती. पण त्यांचे हात आपोआप मागे गेले. आठवीत, असं ते खाली बघून पुटपुटले. हेडबाई म्हणाल्या, गाडी मोठ्या रस्त्यावर लाव आणि इथं येऊन बस. ते गेले, गाडी लावून आले आणि बसले. जागेवर लक्ष ठेवायला बसलोय, असं त्यांनी दोन-तीनदा सगळ्यांना ऐकवलं. मग सामानातला कॅरमबोर्ड त्यांच्या नजरेला पडला, आणि पुढे जागेवर त्यांचं लक्ष असल्याचं काही कुणाला दिसलं नाही.

दुपारी हेडबाईंनी जेवणाचं ताट आणलं. काका आपल्या टेबलाशी, आपल्या खुर्चीवर, रस्त्यात बसून जेवले. आता त्यांना कसंतरी वाटत नव्हतं. जेवता जेवता हेडबाईंनी विचारलं की एवढं चांगलं घर सोडून निघालात कशाला? काकांनी आढेवेढे घेतले आणि मग तापाचं सांगून टाकलं. दोन दिवस, एकटे, घोटभर पाण्यावर.

कॅरमवरचा स्ट्रायकर थांबला. हेडबाईंनी ताटातल्या चमच्याशी उगाच चाळा केला.

"मी समोर राहते," त्या म्हणाल्या. "दहा पावलांवर. आणि मला कळलं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पूर्वी तुमचा दिवा लागला की दिसायचा. आता खिडकीपुढे ते कव्हर असतं. दिवा लागला काय नि न लागला काय."

कव्हरवाले एकाच सोंगटीकडे बघत होते.

जेवणानंतर काकांना डुलकी लागली. रोजचीच. पण आता गल्लीला तापाची हकिगत कळली होती. काकांचा डोळा लागतोय न लागतोय तोच चष्मेवाल्यानं खांदा हलवून विचारलं, काका, बरं वाटतंय ना? काका म्हणाले, हो बाबा. पुन्हा डोळा लागला. हेडबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. मग कव्हरवाल्यांनी नाकाशी बोट धरलं. मग खुर्चीवर रुसून बसलेल्या त्या अनोळखी बाईंनी नाडी बघितली. दोन दिवस ज्याची कुणी खबर घेतली नव्हती त्या माणसाला आता कुणी दोन मिनिटं झोपू देईना. शेवटी काका वैतागले, त्यांनी खिशातला मोठा पांढरा रुमाल काढला, तोंडावर पसरला आणि सोफ्यावर ताठ आडवे झाले.

ते पाहून खेळ टाकून, तक्ता टाकून सगळी माणसं सोफ्याभोवती गोळा झाली. रुमाल उचलून बघायचा धीर कुणालाच होईना.

नेमक्या त्याच वेळी लेक कोपऱ्यावर वळली. सामान तसंच रस्त्यावर, भोवती माणसं मान खाली घालून उभी, आणि मधे सोफ्यावर पांढऱ्या रुमालाखाली बाबा. तिच्या हातातली पर्स गळून पडली. "बाबा" म्हणून तिनं जी हाक मारली ती ऐकून काका ताडकन उठून बसले आणि खेकसले:

"आता काय नाडी बघायला गावावरून माणसं बोलावलीत की काय!"

लेक आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. हेडबाईंनी पाणी दिलं. सगळे एकाच वेळी सांगायला लागले. त्यांची नाडी उत्तम आहे, कपाळ थंड आहे, दुपारी दोन पोळ्या जास्त गेल्यात, तिसऱ्या ओळीपर्यंत विनाचष्मा वाचतात. लेक एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. हळूहळू ती बापाशेजारी सोफ्यावर सरकली, चपला काढल्या आणि लहानपणी बसायची तशी पाय वर घेऊन बसली.

ऊन कलतं झालं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला आणि या वेळी न विचारता थेट आत शिरला. टेम्पोवाला उतरला. घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद होता.

"सापडलं बुवा एकदाचं!"

काकांनी टेम्पोकडे पाहिलं. मग टेम्पोवाल्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच मान खाली घातली.

"सकाळी आलो होतो मी या गल्लीत," टेम्पोवाला सांगायला लागला. "पण इथं नुसत्या गाड्या लावलेल्या आणि पुढं सामान मांडलेलं. म्हटलं, जुन्या फर्निचरचं दुकान दिसतंय. माणूस एकच होता, तोही उभा. दुकानदार असणार. त्यानं तर मला हातवारे करून हाकललंच. पण बाहेर कसा काढला, एक ओरखडा नाही. माणूस कसबी होता हो." एवढ्यात काकांचा चेहरा त्याला नीट दिसला आणि तो जरा चाचरला. "तुम्ही सांगितलं होतं ना, माणसं बाहेर बसलेली दिसतील तिथं थांब. दिवसभर हिंडलो काका, अख्ख्या शहरात एका गल्लीत माणसं बसलेली दिसेनात. आत्ता लांबून बघितली. म्हटलं, हीच."

खांबावरचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

"चढवायचं ना सामान?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

काकांनी लेकीकडे पाहिलं नाही. चढवा, म्हणायच्या ऐवजी त्यांनी उठून खांबावरचं घड्याळ उगाच सरळ केलं. खोली रंगवून तयार होती. पोरीनं हौसेनं रंग निवडला होता.

लेकीनं पर्स उचलली. आतली किल्ली काढायला तिला फार वेळ लागला, किंवा तिनं लावला.

"ती खोली राहील तुमची," ती म्हणाली. "वाटेल तेव्हा या. पण महिनाभर बघू या इथंच. रोज मला कुणीतरी फोन करून सांगायचं, बाबा बरे आहेत म्हणून."

"मी करीन," हेडबाई, चष्मेवाला आणि कव्हरवाले एकदम म्हणाले. खुर्चीवरच्या बाईंनीही हात वर केला होता.

काकांनी डोळ्यांना रुमाल लावला. आता त्या रुमालाची कुणाला भीती वाटली नाही. हमालांना बोलवायची गरजच पडली नाही. टेम्पोवाल्यासकट सगळ्यांनी मिळून सामान उंबऱ्याच्या आत नेलं. आजवर इतक्या जवळचं भाडं मारलं नव्हतं, असं टेम्पोवाला म्हणाला आणि चहा घेऊन गेला. सोफा तेवढा बाहेर राहिला, कारण त्यावर हेडबाई बसल्या होत्या आणि त्यांना ऊठ म्हणायची गल्लीत कुणाचीच छाती नव्हती. त्या उठल्या तेव्हा दिवे लागले होते आणि सगळेच दमले होते. सोफ्याचं सकाळी बघू, असं ठरलं.

सकाळी काकांनी सवयीनं खिडकी उघडली आणि त्यांचं मन खट्टू झालं. समोर तेच करडं कव्हर होतं. चारही कोपरे खोचून, नीटनेटकं. काल काय झालं ते झालं, गाडी परत आली, म्हणून त्यांनी खिडकी लावायला हात पुढे केला. मग त्यांना वाटलं की कव्हर जरा बुटकं दिसतंय. कव्हराच्या वरून समोरचं हेडबाईंचं दार दिसत होतं, दारात स्वतः हेडबाई दिसत होत्या, आणि वाकून पाहिलं तर खाली, कव्हराच्या कडेतून, सोफ्याचे लाकडी पाय बाहेर आले होते.